ऑपरेशन करूनही स्तनात पुन्हा पुन्हा गळू का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, राहणं सिंहगड रस्त्याला, धाकटं मूल ५ वर्षांचं, अंगावर पाजणं बंद होऊन ३ वर्षं झाली. डाव्या स्तनात स्तनाग्राच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला गळू. १४ महिन्यांत ३ वेळा चिरा देऊन पू काढला, दर वेळी जखम भरली आणि काही महिन्यांनी पुन्हा तिथेच सूज. पुवाच्या कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, म्हणजे काही वाढलं नाही. दिवसाला ५-६ सिगारेटी. शुगर ‘बॉर्डरवर’ आहे असं कुणीतरी एकदा म्हणालं होतं. ऑपरेशन नीट झालं नाही का, की अंगातच काही दोष आहे?

ऑपरेशनमध्ये पू नीट निघालेला असणार, नाहीतर मधले काही महिने शांत गेले नसते. पू जिथून तयार होतो ती जागा मात्र आत तशीच राहिली आहे. गळू परत आलं की आम्ही पहिले दोन प्रश्न विचारतो: किती दिवसांनी आलं, आणि नेमकं कुठे आलं. बरंचसं निदान या दोन उत्तरांतच असतं.

दोन-तीन आठवड्यांत त्याच जागी पुन्हा सूज आली तर ते नवं गळू धरू नका, जुनंच अर्धवट राहिलेलं आहे. महिन्यांनी, काळ्या वर्तुळाच्या कडेलाच, तेही दर वेळी जवळपास त्याच ठिकाणी आलं तर दोष दुधाच्या नळीत असतो. दर वेळी जागा बदलते, एका स्तनात तीन-चार ठिकाणी गाठी आणि वाहती छिद्रं होतात, तेव्हा ग्रॅन्युलोमाचा आजार (बारीक गाठींच्या रूपातली जुनाट सूज) किंवा टीबी मनात धरावा लागतो. आणि गळू स्तनाखालच्या घडीत असेल, काखेत किंवा जांघेतही तसंच होत असेल, तर तो स्तनाचा आजारच नसतो. घामाच्या जागी केसांच्या मुळाशी होणारा तो त्वचेचा जुनाट आजार असतो, आणि त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ लागतात.

तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराशी तंतोतंत जुळतं, म्हणून आधी तेच सविस्तर.

स्तनाग्रात साधारण १५ ते २० दुधाच्या नळ्या उघडतात. बाहेरच्या कातडीसारखं अस्तर नळीच्या तोंडाशी अगदी एक-दोन मिलिमीटरपर्यंतच असतं, आत मऊ, स्राव करणारं अस्तर सुरू होतं. काही बायकांत हे कातडीसारखं अस्तर नळीत खोलवर सरकतं. कातडीचा धर्मच असा की वरचा मृत थर सतत झडत राहतो. अंगावर झडला तर धुऊन जातो, अरुंद नळीत झडला तर त्याचा बूच बनतो. मागे स्राव साठतो, नळी फुगते, फुटते, आणि तो केराटिनचा, म्हणजे झडलेल्या मृत थराचा, चोथा आजूबाजूच्या ऊतींत पडला की शरीर त्याला काट्यासारखं परकं समजून सूज आणतं. त्यात तोंडाकडून जंतू शिरले की गळू तयार. ते वाट काढतं काळ्या वर्तुळाच्या कडेकडे, कारण तिथलं कातडं पातळ असतं. फुटून वाहायला लागलं की एक टोक नळीत आणि दुसरं कडेला अशी वाट कायमची पडते. हाच नासूर. १९५१ साली झुस्का आणि सहकाऱ्यांनी हा आजार लिहून ठेवला, म्हणून त्याला झुस्काचा आजार म्हणतात.

आता चिरा देऊन काय होतं ते पाहा. कडेचा पू निघतो, दुखणं थांबतं, वरचं कातडं भरून येतं. बूच बसलेली नळी स्तनाग्राच्या आत तशीच राहते. तीन-चार महिन्यांनी पुन्हा चोथा साठतो आणि तेच चक्र पुन्हा. चौथ्यांदा तोच चिरा दिला तरी पाचव्यांदा गळू येईल, सर्जन कितीही नावाजलेला असला तरी.

हे अस्तर का बदलतं? याचं सगळ्यात ठळक कारण म्हणजे सिगारेट. या आजाराच्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं आढळतं, आणि ऑपरेशननंतर गळू परत येण्याशीही त्याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसून आला आहे. धुरातले घटक रक्तातून नळ्यांच्या स्रावात उतरतात आणि अस्तराला इजा करतात, अ जीवनसत्त्वाचं काम बिघडवतात, आणि हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना सोयीचं वातावरण तयार करतात. शिवाय निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे जखम रेंगाळते. ‘५-६ सिगारेटी म्हणजे काहीच नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. पुण्यात आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारावी लागते: मिश्री. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं की अनेक बायका ‘नाही’ म्हणतात, आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. अभ्यास झाले ते प्रामुख्याने सिगारेट ओढणाऱ्यांवर, पण निकोटीन मिश्रीतही आहेच आणि जखम भरण्याच्या दृष्टीने ते तितकंच नकोसं. ऑपरेशन ठरलं असेल तर निदान ४ आठवडे आधी सगळंच बंद करावं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६ वर फोन मोफत आहे. तलफ आवरत नसेल तर निकोटीनच्या २ मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

सिगारेटच्या खालोखाल स्तनाग्राची ठेवण. जन्मापासून आत ओढलेलं किंवा मधोमध खाच असलेलं स्तनाग्र असेल तर नळ्यांची तोंडं दबलेली आणि कायम दमट राहतात. इथे एक फरक लक्षात ठेवा: स्तनाग्र आधी बाहेर होतं आणि अलीकडे आत ओढलं गेलं, तर ते वारंवार झालेल्या गळवाच्या व्रणामुळे असू शकतं आणि कॅन्सरमुळेही. दोन्हीसाठी तपासणी हवीच. स्तनाग्र टोचून त्यात रिंग घालण्याची हौस असेल तर ते भोक भरायला महिने लागतात, आणि जंतुसंसर्ग बऱ्याच काळाने, कधी वर्षभरानेही, डोकं वर काढतो.

शुगरबद्दल: ‘बॉर्डरवर’ हा रिपोर्ट होत नाही. एचबीए१सी (मागच्या साधारण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) करा, उपाशीपोटीची शुगर करा. ज्या बाईला पहिल्यांदा गळू झालं तिचीही करावी, दुसऱ्यांदा झालेल्या बाईची तर न चुकता. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंद पडतात, जंतू मारण्याची त्यांची ताकद कमी होते आणि जखमेत नवं मांस येत नाही. मोठं ऑपरेशन ठरवायचं असेल तर एचबीए१सी ८ च्या खाली आणूनच तारीख घ्यावी. मात्र पू भरलेलं गळू शुगर उतरेपर्यंत थांबवून ठेवायचं नसतं. ते लगेच काढायचं, साखर इन्शुलिनने सोबतच सांभाळायची. लठ्ठपणा हाही एक स्वतंत्र धोका आहे. पावसाळ्यात तर, जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तेव्हा, स्तनाखालच्या घडीत ओलसर ब्रा हा वेगळाच ताप असतो. इस्त्री फिरवून पूर्ण सुकवूनच घालावी.

तुमच्या ‘नो ग्रोथ’कडे येऊ. पुवात जंतूच नव्हते असा त्याचा अर्थ घ्यायचा नाही. स्तनाग्रालगतच्या गळवात बहुतेक वेळा हवेशिवाय वाढणारे जंतू आणि इतर जंतूंची सरमिसळ असते. कापसाच्या बोळ्यावर, म्हणजे स्वॅबवर, पू घेतला आणि तो तासभर टेबलावर पडला की यातले बरेच जंतू हवेनेच मरतात. पू सिरिंजमध्ये ओढून, हवा काढून, टोक बंद करून लगेच लॅबमध्ये पोचवावा आणि कागदावर ‘अॅनारोबिक कल्चरही हवं’ असं लिहावं. तेही अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी. मेडिकलच्या दुकानातून तीन दिवसांच्या गोळ्या घेऊन मग येणाऱ्यांचं कल्चर कोरं येतं यात नवल नाही. औषधही तसंच निवडावं लागतं. दूध पाजणाऱ्या बाईच्या गळवात मुख्य जंतू स्टॅफिलोकोकस ऑरियस, त्याला क्लॉक्सासिलिन किंवा सेफॅलेक्सिन चालतं. स्तनाग्रालगतच्या, दुधाशी संबंध नसलेल्या गळवाला अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अॅसिड, किंवा जोडीला मेट्रोनिडाझोल, साधारण ७ ते १० दिवस. पू आत असताना नुसत्या गोळ्या लांबवत राहिलं की पुवाभोवती जाड कवच बनतं. दुखणं कमी, गाठ दगडासारखी. तिला अँटिबायोमा म्हणतात, आणि ती हाताला कॅन्सरसारखी लागते, त्यामुळे नंतर सगळ्यांचीच झोप उडते.

तुमच्यासारख्या नासुरावर पक्का इलाज म्हणजे ती नळी, तिची वाट आणि कडेचं छिद्र हे सगळं मिळून काढणं. पण पू भरलेला असताना हे करायचं नाही. आधी सुईने पू काढून आणि औषधाने आग शांत करायची, मग ४ ते ६ आठवड्यांनी ऑपरेशन घ्यायचं. पूर्ण भुलीखाली कडेच्या छिद्रातून बारीक, बोथट सळई घालतात. ती स्तनाग्राच्या ज्या तोंडातून बाहेर येते ती दोषी नळी. सळईसकट ती वाट लंबगोल कापून काढतात. चूक होते ती शेवटच्या टप्प्यात: स्तनाग्राच्या आतला नळीचा अखेरचा अर्धा सेंटिमीटर. स्तनाग्राचा आकार बिघडेल या भीतीने हा तुकडा सोडला जातो, आणि बूच नेमका तिथेच असतो. तो राहिला की गळू परत. एकाहून जास्त नळ्या बाधित असतील किंवा आधीची अशी शस्त्रक्रिया फसली असेल, तर स्तनाग्रामागच्या सगळ्या मुख्य नळ्या काढतात. ही पद्धत हॅडफील्ड यांनी १९६० मध्ये मांडली. तिची किंमत आधी समजून घ्या: त्या बाजूने पुढे बाळाला पाजता येत नाही, स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, थोडा आकार बदलतो, आणि सिगारेट चालू असेल तर स्तनाग्राची कातडी मरण्याचा धोका वाढतो. पुढे मूल हवं असेल तर हे सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा.

काढलेला सगळा भाग पॅथॉलॉजीला जायलाच हवा. आणि इथे एक साधी चूक महागात पडते: सगळा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग त्यावर कल्चर होत नाही. दोन बाटल्या हव्यात, एक फॉर्मॅलिनची पॅथॉलॉजीसाठी, दुसरी नॉर्मल सलाईनची कल्चर आणि सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकं शोधणाऱ्या तपासणीसाठी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नातेवाइकांनी हे नुसतं विचारलं तरी काम होतं. जुन्या तीन ऑपरेशनांपैकी कधी गळवाच्या भिंतीचा तुकडा तपासला होता का, तेही पाहा. तपासला असेल तर त्या लॅबकडून मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या. दुसरं मत त्यावर घेता येतं, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

तुकडा तपासायचा तो मुख्यतः दोन आजारांसाठी, जे गळवाचं सोंग घेऊन येतात. पहिला टीबी. स्तनाचा टीबी काही नवा नाही, अॅस्टली कूपर यांनी १८२९ मध्येच त्याचं वर्णन केलं होतं. काखेत गाठी, एकाहून जास्त वाहती छिद्रं, नेहमीचं कल्चर कोरं, औषधाने तात्पुरताच फरक अशी चिन्हं असली की तो मनात येतो. स्तनाच्या टीबीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळे सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं होत नाही. पॅथॉलॉजी, कल्चर आणि बाईचं एकूण चित्र एकत्र पाहावं लागतं. निदान झालं तर औषधं सरकारी टीबी केंद्रात मोफत मिळतात, साधारण ६ महिने, आणि बहुतेकींना मोठं ऑपरेशन लागत नाही.

दुसरा ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. बाळंतपणानंतर काही वर्षांत, तरुण बाईला, अचानक कडक गाठ, मग लाली, मग एकामागून एक गळवं. याला जितकं कापाल तितकी न भरणारी छिद्रं वाढतात. स्तनाग्रालगतच्या नळीच्या आजारात अपुरं कापणं ही चूक असते, आणि इथे कापत राहणं हीच चूक. काही बायकांत कॉरिनेबॅक्टेरियम क्रॉपेनस्टेडटाय नावाचा जंतू सापडतो. तो चरबीवर जगतो आणि सावकाश वाढतो, त्यामुळे लॅबला आधी सांगून प्लेट जास्त दिवस ठेवायला लावावी, नाहीतर ‘कातडीवरचे जंतू’ म्हणून सोडून दिला जातो. त्याला चरबीत उतरणारी डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं लागतात, तीही आठवड्यांच्या हिशेबाने. जंतू सापडला नाही आणि त्रास जास्त असेल तर स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीची आग दाबणारं औषध), पण टीबी नाही याची खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइड नको. टीबीत ते आगीत तेल ठरतं.

या आजारात गोळ्यांची पिशवी उलटी करून पाहावी लागते. प्रोलॅक्टिन वाढवणारी औषधं दूध सुरू करतात आणि नळ्या भरतात. मानसिक आजारासाठीचं रिस्पेरिडोन त्यात येतं, पण जास्त वेळा सापडतं ते अॅसिडिटीच्या कॅप्सुलमधलं लेव्होसल्पिराइड किंवा डॉम्पेरिडोन. ‘पित्ताची गोळी’ म्हणून बायका ती वर्षानुवर्षं घेतात आणि औषधांच्या यादीत सांगतच नाहीत. स्तनाग्रातून दुधासारखा स्राव असेल, पाळी लांबली असेल तर प्रोलॅक्टिन तपासा. मानसिक आजाराचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, त्या डॉक्टरांकडून बदलून घ्या.

दूध पाजणाऱ्या मैत्रिणींसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचं गळू परत येण्याची कारणं बरीचशी साधी असतात. एक म्हणजे अपुरा निचरा. पू एकाच पोकळीत नसतो, मध्ये पडदे असतात. सोनोग्राफी न करता चिरा दिला तर एखादा कप्पा राहतो. हल्ली ५ सेंटिमीटरपर्यंतचं, कातडी शाबूत असलेलं गळू सोनोग्राफीखाली जागा बधिर करून जाड सुईने (१६ किंवा १८ गेज, हे सुईच्या जाडीचं माप) काढतात, सलाईनने धुतात आणि दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहतात. दोन-तीन वेळा सुई लागणं हे अपयश नसून हीच पद्धत आहे. दुसऱ्या फेरीला ‘आता बरं वाटतंय’ म्हणून न जाणं, याने मात्र गळू परत येतं. मोठं असेल, कातडी चकाकत पातळ झाली असेल तर चिरा किंवा पू वाहून जाण्यासाठी आत ठेवायची निचऱ्याची नळी लागते. चिरा झाला की जखम तळापासून भरत यायला हवी. बाहेरचं तोंड आधी मिटलं तर आत पोकळी आणि पू. पण म्हणून बोळा कचकचून कोंबायचाही नसतो, त्याने दुखतं आणि निचराच अडतो. किती पट्ट्या आत घातल्या ते लिहून ठेवा. आत विसरलेला गॉजचा तुकडा हेही परतीचं एक कारण असतं.

दुसरं, पाजणं अचानक थांबवणं. घरातली वडीलधारी मंडळी ‘पुवाचं दूध बाळाला नको’ म्हणतात आणि दूध तोडायला लावतात. दूध साकळतं आणि गळू वाढतं. पाजत राहिलेलं चालतं. चिरा स्तनाग्राच्या अगदी जवळ असेल आणि तोंड लावता येत नसेल तर त्या बाजूचं हाताने काढा. मालिशवाल्या बाईंकडून गाठ जोरजोरात पिळून घेणं आणि दिवसभर गरम शेक, हे दोन्ही टाळा. ‘रिकामं करायचं’ म्हणून पंप तासातासाला लावला तर दूध आणखी तयार होतं. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या स्तनपानाविषयी काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये आपल्या सूचना बदलल्या आणि सौम्य हात, थंड शेक, बाळाच्या गरजेइतकंच पाजणं यांवर भर दिला. हिंजवडीला नोकरी आणि परतीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास, अशा बाईने ऑफिसात ठरल्या वेळी एकदा-दोनदा दूध काढण्याची सोय करून घ्यावी, ते पुरतं.

घरात आणखी कुणाला गळवं होतात का, तेही विचारायचं. नाकात स्टॅफ (वर सांगितलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस) घेऊन हिंडणारे पुष्कळ असतात. कल्चरमध्ये तोच जंतू वारंवार आला तर नाकात २ टक्क्यांचं म्युपिरोसिन मलम दिवसातून दोनदा ५ दिवस आणि क्लोरहेक्सिडिनने आंघोळ असा उपाय करता येतो.

चाळिशीच्या पुढे, ताप नाही, पू नाही, तरी स्तन लाल, जड, कातडी संत्र्याच्या सालीसारखी, आणि दहा-बारा दिवसांच्या औषधाने फरक शून्य, असं असेल तर आणखी गोळ्या घेऊ नका. बायोप्सी करा. सूजेच्या रूपातला कॅन्सर असाच दिसतो. गळू खरंच असलं तरी चाळिशीनंतर सूज उतरल्यावर मॅमोग्राफी करून घ्यावी.

तर तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. या आठवड्यात एचबीए१सी आणि स्तनांची सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये गळवाचं माप, घड्याळाच्या काट्याप्रमाणे जागा, स्तनाग्रापासूनचं अंतर, कप्पे किती आणि वाट नळीपर्यंत जाते का, हे लिहून मागा. ‘डावं, ३ वाजता, १ सेंटिमीटर’ अशी नोंद तिन्ही वेळा सारखीच निघाली तर नळीचा आजार जवळपास नक्की. आत्ता पू असेल तर सुईने काढा, चौथा चिरा टाळता आला तर टाळा, कारण प्रत्येक व्रण पुढच्या ऑपरेशनमध्ये वाट शोधणं अवघड करतो. मग तिन्ही डिस्चार्ज कार्डं, कल्चर आणि काचपट्ट्या घेऊन स्तनाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडे जा. पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाच्या सर्जरी ओपीडीतही हे काम होतं. तिथे विचारायचा प्रश्न एकच: ‘नळी स्तनाग्राच्या तोंडापर्यंत काढणार ना?’ मधल्या काळात १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा कातडी काळसर पडणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, इमर्जन्सीत जा.